कंट्रोलरकाका आणि आमची सात शहरं

उस्मानपुऱ्यात ज्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही पाच वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घराच्या मालकांचं नाव भाडेकरारावर होतं, दारावरच्या पाटीवरही होतं, पण गल्लीत ते नाव घेऊन विचारलं असतं तर कुणी पत्ता सांगितला नसता. सगळे त्यांना कंट्रोलरकाका म्हणायचे. त्यांनी जन्मभर एस.टी.त नोकरी केली आणि त्यातली शेवटची वीस-बावीस वर्षं बसस्थानकावरच्या त्या काचेच्या खोलीत, माईकसमोर काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कोणती आधी सुटणार हे ठरवायचं आणि गर्दीला मोठ्यानं सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माईक तिथं राहिला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले.

आम्ही घर बघायला गेलो त्या दिवशी मी उत्तरं तयार ठेवली होती. मूळ गाव कुठलं, जेवणात काय चालतं, पाहुणे किती येतात, मुलंबाळं का नाहीत. काकांनी यातलं काहीही विचारलं नाही.

"सकाळी किती वाजता निघता?" एवढंच विचारलं.

"आठ-सव्वाआठला," अमोल म्हणाला. अमोल म्हणजे माझा नवरा. तो वाळूजला एका कारखान्यात इंजिनिअर आहे.

"आठ का सव्वाआठ?"

"आठ दहा."

"आन् ताई?"

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. "पावणेदहाला," म्हटलं.

काकांनी डोळे मिटून काहीतरी जुळवलं. "जमतंय. पाण्याचं, गाडी काढायचं, कशाचंच भांडण व्हणार नाय. या राहायला."

राहायला गेलो तर ओसरीत एक काळा फळा टांगलेला. त्यावर खडूनं, छापल्यासारख्या अक्षरात घरातल्या माणसांच्या वेळा. 'अमोलराव – वाळूज – ८.१०'. 'ताई – लॅब – ९.४५'. सगळ्यांत खाली 'काकू – भाजी – ठरलेलं नाही'. काकांचं स्वतःचं नाव फळ्यावर नव्हतं. कंट्रोलर कुठं जात नसतो, असं ते म्हणायचे.

आणि खरंच जात नव्हते. शनिवारी गंगापूरला शेतावर एक फेरी, तिथं भावाशी उसाच्या पाण्यावरून वाद घालायचा आणि संध्याकाळी परत. बस्स. ज्या माणसानं लाखो माणसांना गाडीत बसवून दिलं, तो स्वतः विमानात सोडाच, आगगाडीतही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा बसला होता. काकूंची बहीण हर्सूलला राहायची. रिक्षानं जायचं म्हटलं तर अर्धा तास. "पण यांच्याबरोबर हर्सूलला जायचं तर दोन दिवस अभ्यास चालतो," काकू मला म्हणाल्या होत्या. "जाताना कुठल्या बाजूला ऊन येतं ते बघून मला बसवतात."

एकदा काकू कशावरून तरी चिडल्या. त्यांनी फळ्यावरची 'भाजी' पुसली आणि लिहिलं, 'काकू – हर्सूल – परत येणार नाही'. लिहून सरळ निघून गेल्या. आम्हाला हसू आलं. काकांना नाही. ते दुपारी दोनपासून ओसरीच्या पायरीवर बसून राहिले. जेवले नाहीत. मी दोनदा चहा विचारला तर "आत्ता नको, कोणत्याबी टायमाला येईल ती," म्हणाले. काकू पाच वाजता पेरू घेऊन आल्या. काका उठले, त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि फळ्यावर लिहिलं, 'काकू – आली – ५.०५'. तो मजकूर त्यांनी आठवडाभर पुसू दिला नाही.

बोलण्यात त्यांच्या काही ठरलेल्या गोष्टी होत्या. "गाडी चुकली तर दुसरी येती, माणूस चुकलं की हुडकत बसावं लागतं." हे तर रोजचं. कुणी लांबच्या प्रवासाचा बेत सांगितला की म्हणायचे, "नकाशावर बोटभर, रस्त्यावर जीवभर." पण मला आठवतं ते त्यांचं एक मोठं बोलणं. एका संध्याकाळी ते मेथी निवडत बसले होते, मी शेजारी होते आणि त्यांनी उगाचच विषय काढला.

"ताई, बसस्टँडवर मी नवरा-बायकोची भांडणं लई बघितली. लोकांना वाटतं, गाडी चुकली म्हणून भांडतात. तसं नसतं. दोघांना दोन गावांना जायचं असतं आन् तिकिटं एकाच गावाची काढलेली असतात. मंग कुणाची पिशवी जड, कुणी पाणी कामून नाय आणलं, यावरनं सुरू व्हतं. मी काचेतनं बघून सांगायचो, हे दोघं वैजापूरच्या पुढं बोलणार नायत."

मग त्यांनी एक किस्सा सांगितला. गंगापूरची गाडी भरली होती, चालक बसला होता, सुटायची वेळ झाली होती. खिडकीत एक म्हातारी बसलेली. तिचा नवरा "पाणी भरून आणतो" म्हणून उतरला होता तो येईना. वाहक म्हणाला, मावशी, उतरा नाहीतर एकट्या चला. ती रडायला लागली. काकांनी माईकवर गाडी थांबवायला सांगितली आणि त्या माणसाच्या नावानं पुकारा सुरू केला. एकदा, दोनदा, दहादा. वीस मिनिटं गाडी उभी. गाडीतले लोक शिव्या द्यायला लागले. शेवटी तो म्हातारा सापडला फलाटामागच्या भिंतीला टेकून बसलेला, घामानं भिजलेला. पायातली ताकद गेली होती आणि बायको घाबरेल म्हणून तो पुकारा ऐकूनही गप्प बसला होता.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. त्याला दवाखान्यात पाठवला, तिला बरोबर दिली, गाडी सोडली. साहेबांनी वीस मिनिटांचा खुलासा मागितला. दिला लिहून." त्यांनी मेथीची एक काडी बाजूला टाकली. "वाचला तो. पुढं दर पोळ्याला पुरणपोळी घिऊन यायचा."

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढं जे झालं ते याच माणसानं केलं.

आमच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं होत आली होती. सात वर्षांत आम्ही महाबळेश्वर आणि तिरुपती एवढंच बघितलं होतं. माझ्या लॅबमधल्या दोघी जणी व्हिएतनामला जाऊन आल्या आणि माझ्या डोक्यात ते बसलं. फेब्रुवारीत मी बेत आखायला घेतला. मे महिन्यात जायचं, अकरा दिवस. हनोई, ह्युए, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह, तिथून कंबोडियातलं सिएम रीप आणि येताना बँकॉक. सात शहरं. लॅपटॉपवर मी रंगीत तक्ता केला होता. प्रत्येक शहराला वेगळा रंग. मी तो तक्ता अमोलला दाखवायचे, तो डोकावून बघायचा आणि म्हणायचा, "छान आहे. तू ठरव. मला काहीही चालेल."

त्याचं हे वाक्य मला आवडायचं. मैत्रिणींचे नवरे प्रत्येक गोष्टीत खोट काढतात, माझा नवरा किती समजूतदार, असं मला वाटायचं.

काकांना हे कळायचं कारण म्हणजे आमच्या कुंड्या. अकरा दिवस पाणी कोण घालणार ते विचारायला मी खाली गेले. कुंड्यांचं त्यांनी लगेच कबूल केलं. मग म्हणाले, "टाईमटेबल दाखव."

मी म्हटलं, "मोबाईलवर पाठवते."

"कागदावर आण."

मी लॅबमधून छापून आणलं. काकांनी ते पाच कागद पलंगावर एकाला एक लावून पसरले. लाल-निळी पेन्सिल काढली, चष्मा पुसला आणि दोन दिवस मला काही बोलले नाहीत. येता-जाता दिसायचं, ते पलंगाशी वाकून उभे आहेत आणि एका जागी लाल खूण करताहेत. काकू दारातून म्हणाल्या, "दोन दिवस खाली सतरंजीवर झोपतेय मी. तुमच्या फॉरेनमुळं."

रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. एकटीला.

"बस. यातलं पहिलं गाव कोणतं बघायचंय तुला?"

"पहिलं म्हणजे हनोईच. विमान तिथंच उतरतं."

"विमानाचं नाय विचारलं. तुझं विचारलं. सहा गावं काढून टाकली आन् एकच ठिवलं, तर कोणतं?"

मी कागदांवरून बोट फिरवायला लागले. खरं सांगायचं तर सात शहरं मी निवडलीच नव्हती. ज्या दोघी जाऊन आल्या त्यांनी पाच केली होती, म्हणून मी सात केली होती. शेवटी म्हटलं, "सिएम रीप. तिथली देवळं."

काकांनी त्या नावाभोवती निळा गोल काढला. "आन् अमोलरावांना?"

"त्याचं काही नसतं हो काका. त्याला काहीही चालतं."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "ज्याला काहीबी चालतं ना ताई, त्याला काहीतरी झालेलं असतं. जा तू. त्यांना पाठव."

मला राग आला. तोपर्यंत मी त्यांच्या लहरीपणाची मजा घेत होते, आता हे आमच्या घरात शिरायला लागले असं वाटलं. वर जाऊन अमोलला म्हटलं, "जा, तुझी परीक्षा आहे," आणि कुकर लावायला घेतला.

खाली काय बोलणं झालं ते मला अमोलनं नंतर सांगितलं. काकांनी त्याला गावांचं काही विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "अमोलराव, जिन्यात सातव्या पायरीवर कामून थांबता?"

अमोल म्हणाला, "नाही, मोबाईल बघतो."

"मोबाईल खिशात असतो. एस.टी.त याला विनंती थांबा म्हणत्यात. थांबा नसतो, पण कुणीतरी हात करतं म्हणून गाडी थांबती. तुम्हाला कोण हात करतंय?"

अमोलनं खिशातला मोबाईल काढून पलंगावर ठेवला. काकू चहा ठेवून परत गेल्या. मग अमोलनं सांगितलं, दिवाळीपासून जिना चढला की धाप लागते. छातीत धडधडतं. कारखान्यात एकदा डोळ्यांपुढं अंधारी आली होती. आणि त्याचे वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले होते. अमोल तेव्हा अडतीस वर्षांचा होता.

"ताईला म्हाईत हाय?"

"नाही."

"मी नाय सांगणार. ते तुमचं काम. पण आत्ता. हा जिना चढून जायला जितका टाईम लागतो, तितकाच तुमच्याकडं हाय."

अमोल वर आला. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात खाली फरशीवरच बसला, चौकटीला टेकून. त्याला दम लागला होता. मी रोज त्या माणसाबरोबर राहत होते आणि त्याला दम लागलेला त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

"काय झालं?"

त्यानं सांगितलं. तुटक तुटक, फरशीकडं बघत.

"दिवाळीपासून? आणि मला आत्ता सांगतोस?"

"आधी वाटलं, थकवा असेल. मग तू तो तक्ता करायला घेतलास. किती खूश होतीस. डॉक्टरकडं गेलो असतो तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं आणि मग सगळंच रद्द झालं असतं. म्हटलं, एकदा तुला फिरवून आणू. मग बघू."

"मग म्हणजे? त्या देवळांच्या पायऱ्यांवर तुला काही झालं असतं तर मी परदेशात एकटी काय करणार होते?"

"तसा विचार मी केला नव्हता."

"मग काय विचार केला होतास?"

"की बाबांचं जे झालं ते होणारच आहे," तो म्हणाला. "निदान त्याआधी तुझं एक स्वप्न तरी व्हावं."

मी गॅस बंद केला आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसले. मी रडले, त्याला बोलले, पुन्हा रडले. ज्या सहलीसाठी मी दोन महिने हरखून गेले होते, ती सहल तो माझ्यासाठी शेवटची म्हणून करणार होता.

मी त्याची खालची पापणी बोटानं ओढून बघितली. आतून कागदासारखी पांढरी. दिवसभर दुसऱ्यांची रक्तं तपासणारी बाई मी, आणि घरातल्या माणसाच्या तोंडावरचा रंग कधी उडाला ते मला कळलं नव्हतं. पण त्या क्षणी त्या पांढऱ्या पापणीनं मला एक बारीकशी आशाही दिली. हे कदाचित हृदयाचं नसेल. अमोलला मी ते बोलून दाखवलं नाही. आशा खोटी ठरली असती तर मलाच सहन झालं नसतं.

सोमवारी सकाळी आम्ही खाली उतरलो तर फळा बदललेला. 'अमोलराव – दवाखाना – ९.००'. 'ताई – दवाखाना – ९.००'. आणि खाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, एक नवी ओळ. 'मी – सोबत – ९.००'. काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन तयार उभे होते. आकाशात ढगाचा तुकडाही नव्हता. छत्री कशाला असं विचारायचं भान मला नव्हतं.

दवाखान्यात ईसीजी झाला, हृदयाची सोनोग्राफी झाली, रक्त दिलं. काका बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये बसले होते. एरवी ते आजूबाजूच्या प्रत्येक माणसाला कुठून आलात, कुठल्या गाडीनं आलात विचारतात. त्या दिवशी कुणालाही काही विचारलं नाही. अमोलचा रक्तदाब मोजायला नर्स आली तेव्हा मी बघितलं, काकांनी अमोलचं मनगट धरून ठेवलं होतं आणि ते त्यांच्याही लक्षात नव्हतं.

डॉक्टरांनी आत बोलावलं. आम्ही तिघेही गेलो.

"हृदय उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यांना वाटलं, आम्हाला ऐकू गेलं नाही. ते पुन्हा म्हणाले, "हृदयाला काहीही झालेलं नाही. रक्त फार कमी आहे, निम्म्याहून खाली. म्हणून धाप लागते. पेनकिलर घेता का?"

अमोल म्हणाला, "कंबर दुखते म्हणून. रोज एक-दोन."

"किती दिवस?"

"वर्ष झालं असेल. दुकानातून आणतो."

डॉक्टरांनी मान हलवली. त्या गोळ्यांनी जठराला जखम झाली असणार आणि तिथून थोडं थोडं रक्त जात असणार, असं त्यांनी समजावलं. दुर्बिणीतून बघावं लागेल, रक्त चढवावं लागेल, औषधं घ्यावी लागतील. पण बरं होईल. पूर्ण बरं होईल.

काकांनी घसा साफ केला. "म्हंजी डॉक्टरसाहेब, इंजिन बराबर हाय, डिझेल कमी पडतंय?"

"आणि टाकी गळते आहे," डॉक्टर हसून म्हणाले.

"टाकीचं काय नाय. टाकी जोडता येती."

आम्ही बाहेर आलो आणि मला हसू फुटलं. रांगेतले लोक बघायला लागले तरी थांबेना. अमोल भिंतीला हात लावून उभा होता आणि तोही हसत होता. चव्वेचाळिसाव्या वर्षाची जी तारीख त्यानं मनात कुठंतरी लिहून ठेवली होती, ती त्या दिवशी पुसली गेली. काका मात्र हसले नाहीत. ते बाकावर जाऊन बसले, छत्री उघडली आणि दवाखान्याच्या आत, छपराखाली, ती डोक्यावर धरून बसून राहिले. मी जवळ गेले तेव्हा कळलं. रडताना लोकांना दिसू नये म्हणून.

दुर्बिणीत जखमच निघाली, दुसरं काही नाही. रक्ताच्या पिशव्या लागल्या, पथ्यपाणी झालं. काकू महिनाभर रोज नाचणीची आंबील आणि बीट वर पाठवत राहिल्या. अमोल बीट बघितलं की तोंड वाकडं करायचा, पण खायचा. हळूहळू त्याच्या गालांवर रंग आला. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी तो ऑफिसला निघताना दोन-दोन पायऱ्या उतरत गेला आणि काका आतून ओरडले, "हळू! घाट उतरताय का काय!"

मेची सहल अर्थातच रद्द झाली. नशिबानं विमानाची तिकिटं काढलेली नव्हती. मी तो रंगीत तक्ता पुसून टाकला होता. जूनमध्ये काकाच म्हणाले, "आता जाऊन या. पण या टायमाला माझ्या पद्धतीनं."

त्यांनी आम्हाला दोन चिठ्ठ्या दिल्या. एकमेकांना न दाखवता तीन-तीन गोष्टी लिहायच्या. "गावं लिव्हा नायतर काहीबी लिव्हा. पण खरं लिव्हा."

मी लिहिलं, हनोई, होई आन, सिएम रीप. अमोलनं लिहिलं होतं, 'समुद्राच्या काठानं जाणारी रेल्वे. नदीकाठी बसणं. एक दिवस काहीच नाही.'

काकांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, मग माझ्याकडं बघितलं. "तू गावं लिव्हली, यांनी काय करायचं ते लिव्हलं. जमतंय की. हे सामान तुझ्या गावात बसतंय."

आणि त्यांनी फुलस्केप कागदावर आमचं नवं वेळापत्रक लिहिलं. सात शहरांची तीन झाली. ह्युए ते दा नांग हा एवढा तुकडा रेल्वेनं, तोही दिवसा, आणि डाव्या बाजूच्या खिडकीत. समुद्र डावीकडं येतो हे त्यांनी कुठून शोधलं देव जाणे. प्रत्येक शहरात एक दिवस मोकळा. कागदावर दोन रकाने होते. एक 'काय बघायचं' आणि दुसरा 'कुठं बसायचं'. दुसरा रकाना त्यांनी आमच्यासाठी रिकामा सोडला होता. "ते तिथं गेल्यावर भरा," म्हणाले. "इथनं मला बाकडी दिसत नायत."

चूक त्यांच्याकडूनही झाली. तिकडचं घड्याळ आपल्या पुढं असतं की मागं, यात त्यांचा घोटाळा झाला आणि हनोईत पहिल्याच दिवशी आम्ही सगळीकडं उशिरा पोचलो. एका संग्रहालयाचं दार आमच्या तोंडावर बंद झालं. अमोल म्हणाला, "काकांना कळवू नको. खुलासा लिहून पाठवतील."

रेल्वेत डावीकडं खरोखर समुद्र आला. डोंगराला चिकटून गाडी हळू जात होती आणि खाली फेसाळ पाणी. अमोलनं खिडकीवर कपाळ टेकवलं आणि दोन-अडीच तास तसाच बसला. मी फोटो काढायला मोबाईल काढला होता. तो खाली ठेवला आणि त्याचं श्वास घेणं बघत राहिले. शांत, सारखं, न अडखळता. महिनोन्महिने आत धरून ठेवलेला माझा स्वतःचाही श्वास त्या डब्यात सुटला.

होई आनला नदीकाठी एका छोट्या कॉफीवाल्याच्या बाकावर आम्ही अख्खा एक दिवस काढला. ते बाक अमोलनं काकांच्या रकान्यात लिहून ठेवलं. सिएम रीपला मला बघायची होती ती सगळी देवळं बघितली, तीन दिवस, पाय दुखेपर्यंत. अमोल सगळीकडं माझ्याबरोबर चढला आणि उतरला. एकाही पायरीवर थांबला नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी आम्ही चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरलो. बाहेर काका आणि काकू उभे. काका विमानतळावर पहिल्यांदाच आले होते. काकूंनी सांगितलं, विमान यायच्या दीड तास आधीपासून ते तिथल्या रखवालदाराशी बोलत होते आणि विमानतळाचं वेळापत्रक कसं सुधारता येईल ते त्याला समजावत होते. गल्लीतल्या एका ड्रायव्हरची गाडी त्यांनी ठरवून आणली होती. काका पुढं बसले, आम्ही तिघं मागं, काकू मध्ये.

"बोला. कसं झालं?" काका म्हणाले.

मी बोलायला सुरुवात करणार एवढ्यात अमोल म्हणाला, "सगळं छान झालं काका. पण खरं सांगू? सिएम रीप नसतं तरी चाललं असतं."

मी वळून त्याच्याकडं बघितलं. ते माझं गाव होतं. सहा काढली तरी जे एक ठेवलं असतं ते.

"कामून?" काका अख्खे मागं वळले. ड्रायव्हर म्हणाला, काका, पट्टा लावा. त्यांनी ऐकलं नाही.

"चार देवळांनंतर मला सगळी सारखीच दिसायला लागली," अमोल म्हणाला. "एक तर आपण वेरूळ बघून मोठे झालेलो. तिथं एका दगडातून अख्खं देऊळ खोदून काढलंय. आणि दुसरं म्हणजे गर्दी. आणि तिसरं, ते सकाळी उठवणं..."

"ऐकतेयस ना?" काकूंनी मला कोपरानं ढोसलं. "तुझ्या तोंडावर सांगतोय."

मला राग यायला हवा होता. तीन दिवस तो त्या उन्हात माझ्यामागं हिंडला आणि आता सांगत होता. पण मला राग आला नाही. मला काहीही चालेल, असं तो आता म्हणत नव्हता. गाडीच्या खिडकीतून जालना रस्त्याची धूळ आत येत होती, माझे डोळे भरून आले होते, आणि ते धुळीनं नव्हतं.

"मला तर आवडलं," मी म्हटलं.

"तुला आवडलं ना, झालं तर. मला नाही आवडलं," अमोल म्हणाला आणि पुढं बोलतच राहिला. कुठं पाय भाजले, कुठं नारळपाणी खारट निघालं, पुढच्या वेळी डोंगरातच का जायचं आणि त्या डोंगरात काय काय करायचं. काका मध्ये मध्ये "व्हय?", "मंग?" एवढंच म्हणत होते.

उस्मानपुरा आला. गाडी घरासमोर थांबली तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कुणीच उतरलं नाही.